कुळागरातल्या कौलारू घरासाठी कॉम्प्युटर जोडायचाय, कोटेशन बघून सांगाल का?

मास्तर_कुळागरवाले

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातला, सावईवेऱ्याच्या बाजूचा. प्राथमिक शाळेत शिकवतो. कॉम्प्युटरमधलं मला कळतं ते निकालपत्रकं करण्यापुरतं, म्हणून विचारायला संकोच वाटत नाही.

घरी २०१४ साली घेतलेला एक डबा आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ घालायला गेलो तर ‘तुमचं यंत्र पात्र नाही’ म्हणून सरळ सांगतो. तेव्हा नवा करायचा हे ठरलंय. लागतो कशासाठी ते आधी सांगतो.

पहिलं काम कॅसेटींचं. आमचे बाबा गावच्या जत्रेतल्या संगीत नाटकांना ऑर्गनवर बसायचे. बसताना पायाशी एक टेपरेकॉर्डर चालू करून ठेवायचे. त्या कॅसेटी १४० भरल्या, बुटांच्या खोक्यांत आहेत. काहींवर नाटकाचं नाव आहे, काहींवर नुसतं ‘माशेल, पदं बरी झाली’ एवढंच. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. त्या कॅसेटी मला कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्यात.

दुसरं, आम्ही पोरं (म्हणजे आता पन्नाशीची पोरं) अजून जत्रेला नाटक करतो. पडदा वर जातो अकराला, खाली येतो चारला. भावाच्या हँडीकॅमवर आणि दोघांच्या मोबाइलवर शूटिंग होतं, आणि मग ते तसंच पडून राहतं, कारण माझ्या डब्यावर दहा मिनिटांचा तुकडा कापायला अर्धा तास जातो.

तिसरं, मुलगी बारावीला आहे. फर्मागुडीला इंजिनिअरिंगला जायचं म्हणते.

फोंड्यातल्या एका दुकानदारानं दिलेलं कोटेशन असं: आय-सेव्हन प्रोसेसर, ‘ब्रँड न्यू’ मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, जीटी ७३० ग्राफिक कार्ड २ जीबी, कॅबिनेट एसएमपीएससकट. ३४ हजार. वर म्हणाला, ‘मास्तर, आय-सेव्हन हो, आय-फाइव्हच्या वरचा!’ मडगावच्या दुसऱ्या एकानं आय-फाइव्हचे ७२ हजार सांगितले, त्यात चतुर्थीच्या मखराला लाजवतील असे सहा रंगीत पंखे. आय-सेव्हन ३४ ला आणि आय-फाइव्ह ७२ ला, हे गणित मला चौथीच्या पोरांनाही समजावता यायचं नाही.

माझं बजेट ६५ हजार, मॉनिटर सोडून.

घराचं सांगितलं पाहिजे. चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं, तिन्ही बाजूंनी कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग. पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते, पलंगाखालच्या चपलांना धरते, कॉम्प्युटरला का सोडेल? लाइट जाते-येते, गेली नाही तर मिचमिचते. आणि एक गंमत. आताच्या डब्याच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. बायको म्हणते चपला घालून बसा. मी घालून बसतो. कॅसेट उतरवायचा एकदा प्रयत्न केला तर गाण्याच्या मागे सारखा ‘हूंऽऽ’ असा आवाज, भोवऱ्यासारखा. तो टेपचा दोष की कॉम्प्युटरचा, कळलं नाही.

कुठला प्रोसेसर घेऊ?

---

बॅग_पाठीला

मास्तर, लॅपटॉप घ्या आणि मोकळे व्हा. लाइट गेली तर बॅटरी आहे, मुलगी हॉस्टेलला नेईल, डब्याची धूळ झाडायला नको. २०२६ मध्ये डबा कोण जोडतो?

---

सोल्डर_आणि_सुंगटां

सल्ला वाईट नाही हो, पण लॅपटॉप मुलगी हॉस्टेलला नेईल आणि कॅसेटी मास्तरांकडे राहतील. शिवाय पाच-पाच तासांची नाटकं कापायची, तर डिस्का वाढवत जाव्या लागणार. ते काम डब्याचंच.

मास्तर, मी मडगावचा, घर कोलव्याच्या बाजूला. सव्वीस वर्षं ही यंत्रं उघडतोय. तुम्ही शेवटी विचारलंत ‘कुठला प्रोसेसर’, आणि त्याच्या आधीच्या परिच्छेदात, चपला घालून बसतो म्हणून, गंमत म्हणून जे सांगितलंत, मला ते वाचून घाम फुटला. प्रोसेसरचं नंतर. आधी भिंतीतल्या प्लगपासून सुरुवात करू.

तुमच्या घराला अर्थिंग नाही. निदान त्या प्लगला तरी नाही.

झिणझिण्या का येतात ते सांगतो. एसएमपीएस म्हणजे डब्याला वीज पुरवणारा आतला भाग. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला खरखराट गाळायला छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेला. अर्थ धड असेल तर त्यांच्यातून होणारी किंचित गळती मातीत जाते. नसेल तर पत्रा मध्येच लोंबकळतो, २३० च्या साधारण निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या आत खरोखरच फेजची तार पत्र्याला टेकली तर ती जाणार कुठून? तुमच्यातून. चपला काढून पावसात भिजून आलेली मुलगी तिथे बसली तर?

आणि तुमचा ‘हूंऽऽ’ही बहुतेक तोच. टेपरेकॉर्डरला दोन पिनांचा प्लग असणार. म्हणजे कॉम्प्युटरच्या पत्र्यावरची ती गळती वाट शोधत ऑडिओ केबलच्या जाळीतून टेपरेकॉर्डरकडे जाते, आणि ५० हर्ट्‌झचा भोवरा गाण्यात शिरतो. बाबांच्या ऑर्गनचा काही दोष नाही.

वायरमनला बोलवा. मीटरवर फेज-न्यूट्रल जेवढं दाखवतो साधारण तेवढंच फेज-अर्थ दाखवायला हवं, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्टच. मग फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा जुना बल्ब लावून बघायला सांगा, ढणढणीत पेटला पाहिजे. नुसत्या मीटरवर विश्वास नको, केसाएवढ्या तारेनं जोडलेला अर्थसुद्धा मीटरला बरा वाटतो. (घरात ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, असेल तर या बल्बानं तो पडेल, घाबरू नका, पडायलाच हवा.) आपल्याकडे जांभा दगड, पावसात पाणी धरतो पण मे महिन्यात खडखडीत कोरडा. त्यामुळे खड्ड्यात कोळसा-मीठ आणि उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी, हे जुनं आहे पण खरं आहे.

आता तुमचं कोटेशन. ‘आय-सेव्हन’ हे नाव इंटेल २००८ पासून वापरतंय. आडनाव ऐकून माणूस ओळखाल का? पूर्ण नंबर मागा. माझी पैज, तो आय७-४७७० किंवा त्याच्याही आधीचा निघेल. ४७७० हा २०१३ चा. ऑफिसांतून मोडीत काढलेल्या यंत्रांतला प्रोसेसर, त्याखाली कुठल्यातरी नाव नसलेल्या कंपनीचा नवा बोर्ड, म्हणून ‘ब्रँड न्यू’. तुमच्या आताच्या आय-थ्रीचाच थोरला भाऊ आहे तो, एकाच पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, म्हणजे ३४ हजार मोजून तुम्ही परत तिथेच. जीटी ७३० ची तीच कथा. २०१४ चं कार्ड, आणि त्या पिढीचे नवे ड्रायव्हर काढणं एनव्हिडियानं २०२१ मध्येच थांबवलं. ते कार्ड डब्यात कशाला घालतात? कोटेशनमध्ये ‘ग्राफिक कार्ड’ असं लिहिता यावं म्हणून.

आणि ‘कॅबिनेट एसएमपीएससकट’ हा शब्द दिसला की तिथे लाल शाई मारा. फुकट आलेला एसएमपीएस हातात घेऊन बघा, रिकाम्या फरसाणच्या डब्याएवढा हलका असतो. वर ४५० वॉट छापलेलं. मी उघडून बघितलेत, फिल्टरच्या कॉइल लावायची जागा बोर्डावर छापलेली आणि तिथे नुसत्या तारेचे तुकडे. आपल्याकडे व्होल्टेज खालीवर होतं तेव्हा तोच पहिला जातो, आणि एकटा जात नाही, बोर्ड घेऊन जातो. ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ, पाच वर्षं वॉरंटीचा वेगळा घ्या. ब्राँझ म्हणजे वीज कमी वाया घालवतो एवढंच, मजबुतीचा दाखला नव्हे. म्हणून वॉरंटीची वर्षं बघायची. जो कंपनीवाला पाच वर्षं लिहून देतो त्याला आतला माल माहीत असतो.

त्याच्या मागे यूपीएस. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर टाकू नका. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर ताबा घेईपर्यंत जो क्षण जातो तो पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो. एसएमपीएस वीज नसताना साधारण १६-१७ मिलिसेकंदच दम धरतो. साधे इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेतात. शिवाय जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर नव्या एसएमपीएसशी त्याचं पटत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे खरे ३६० वॉट. आज पुरेल, पण पुढे ग्राफिक कार्ड घातलंत की किंचाळेल. १००० किंवा ११०० व्हीएचा घ्या. बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, त्याचे पैसे आत्ताच मनात धरून ठेवा.

ओल. लोकांना वाटतं पावसाळ्यात यंत्र बंद ठेवावं. उलटं. रोज तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओल काढते. मी बघितलेली गंजलेली यंत्रं बहुतेक बंद घरांतली, मुंबईकर मालक चतुर्थीला येऊन बटण दाबतो ती. तुमच्याकडे आमच्यासारखा खारा वारा नाही हे नशीब, कोलव्याला ग्राफिक कार्डाच्या पट्ट्या दोन वर्षांत हिरव्या होतात. टेबल चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब, डबा जमिनीवर नाही. कॅबिनेट घ्यायचं ते पुढून जाळीचं, जाळीमागे धुता येणारा फिल्टर असलेलं, पुढे दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा. आत हवा जास्त जाते तेव्हा फटींतून ती बाहेर ढकलली जाते, धूळ त्या वाटेनं शिरत नाही. मागच्या रिकाम्या पट्ट्या सगळ्या बंद करा. पाल ऊब शोधत आत जाते. एसएमपीएसमध्ये आडवी होऊन मेलेली पाल मी किती वेळा काढलीय, मोजणं सोडलं.

बरं, प्रोसेसर. माझं मत एएमडीचा रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, ग्राफिक्स आतच, ६५ वॉट, गार राहतो. सोबत बी५५० बोर्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. ग्राफिक कार्ड आत्ता नको.

रॅमचं वाईट वाटतं. २०२५ च्या शेवटापासून भाव असे चढलेत की चतुर्थीच्या आदल्या दिवशीची फुलं स्वस्त. एआयच्या डेटा सेंटरांसाठी लागणारी मेमरी करण्यात कारखाने गुंतलेत, आपल्यासाठी उरतं ते महाग. १६ जीबीच घ्या, पण ८-८ च्या दोन पट्ट्या, आणि चार खाचांचा बोर्ड, म्हणजे भाव उतरले की आणखी दोन घालता येतील. एकच १६ ची पट्टी दुकानदार देईल, घेऊ नका, आतल्या ग्राफिक्सला दोन पट्ट्यांमुळे जवळजवळ दुप्पट रुंद रस्ता मिळतो. जुन्या डब्यातली रॅम डीडीआर३ आहे, तिची खाचच वेगळी, बसणार नाही. जुन्याचा कीबोर्ड, माउस, डीव्हीडी ड्राइव्ह ठेवा. हार्ड डिस्क तपासून ठेवा. एसएमपीएस टाकून द्या.

---

पेडण्याची_एडिटर

सोल्डरबाब, प्लगपासून सुरुवात केलीत म्हणून हात जोडले, पण प्रोसेसर आणि कार्डाच्या ओळींवर माझं भांडण आहे. मी पेडण्याला, लग्नं आणि दशावतार शूट करून एडिट करते, पोट त्यावर आहे.

मास्तर, आधी सांगा हँडीकॅम काय लिहितो? फाइलचं शेवटचं नाव एमटीएस आहे का?

५६००जी वाईट नाही, पण व्हिडिओ कापायला इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक (व्हिडिओ भरभर उलगडायची सोय) हे एडिटिंगची सॉफ्टवेअरं जास्त चांगलं ओळखतात. त्याच भावात आय५-१२४०० बघा. तोही सहा कोअर, बारा थ्रेड, २०२२ चा. उद्या कोणी नवा कॅमेरा आणला जो १० बिट ४:२:२ मध्ये एचईव्हीसी (रंग जास्त बारकाईनं धरणारे, दाबून लिहिलेले व्हिडिओ) लिहितो, तर तो आतलं ग्राफिक्स उलगडतं. ते काम एनव्हिडियाच्या कार्डांनाही २०२५ च्या ५० मालिकेपर्यंत येत नव्हतं. फक्त एक, नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला १२४००एफ घेऊ नका. दुकानदार हजार-दोन हजार कमी सांगून तो गळ्यात मारतील. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्सच नाही, घरी येऊन केबल लावाल आणि काळा पडदा. शिवाय एसएसडी आणि कार्ड जोडायचा रस्ता, पीसीआय एक्स्प्रेस, ५६००जी मध्ये अजून तिसऱ्या पिढीचा आहे, १२४०० मध्ये चौथ्या-पाचव्या.

दुसरं, ‘कार्ड आत्ता नको’ हे बरोबर, पण ‘आत्ता’ या शब्दाखाली रेघ मारा. जत्रेतलं नाटक म्हणजे चार हॅलोजन आणि बाकी काळोख. ते फुटेज मुंग्या धरल्यासारखं दिसतं. त्या मुंग्या काढायला कार्डच लागतं, प्रोसेसर रात्रभर बसेल. त्या वेळी मेमरी बघून कार्ड घ्या, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० सेकंडहँड बरंच मिळतं.

मात्र विकणाऱ्याला विचारा कार्ड मायनिंगला, म्हणजे आभासी चलन ‘खणायला’, जुंपलेलं होतं का. आपल्या गोव्यात हे समजवायची गरज नाही. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली-साखळीला दारोदार टिपर विकायला उभे होते की नाही? रंग मारलेले, टायर काळे केलेले. तसंच २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाची खाण बंद झाली आणि कार्डं बाजारात आली. टिपर चालतो, पण चेसिस कोण बघणार? पंखे फिरवून बघा, डुगडुगतात का. अर्धा तास भार टाकून तापमान बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि मोबाइलचं शूटिंग! हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. मोबाइल एका सेकंदाला ठरावीक फ्रेम लिहीत नाही, उजेड कमी झाला की कमी लिहितो. पाच तासांच्या नाटकात पहिल्या अंकाला ओठ आणि शब्द जुळतात, तिसऱ्या अंकाला नायिका गाऊन थांबते तरी सूर चालूच. मशीन बदलून हे सुधारत नाही. आधी फाइल ठरावीक फ्रेमरेटमध्ये बदलून घ्यायची, मग कापायची. मी हे शिकले तेव्हा एका लग्नाचे अडीच दिवस वाया गेले होते, आणि नवऱ्यामुलाची आई रोज फोन करत होती.

---

सोल्डर_आणि_सुंगटां

पेडणेकरबाय, हरलो. मी रिपेरवाला, एडिटर नव्हे. एएमडीवर माझा जुना जीव आहे म्हणून बोट तिकडे गेलं. आय५-१२४०० आणि डीडीआर४ चा बी७६० बोर्ड, चार खाचांचा. मास्तर, हेच घ्या. दोन्ही प्रोसेसरांचे सॉकेट (बोर्डावरची त्यांची बसायची जागा) तसे निवृत्तीला आलेत, पण तुम्ही दर दोन वर्षांनी प्रोसेसर बदलणारातले दिसत नाही.

---

मास्तर_कुळागरवाले

दोघांचेही आभार. एमटीएसच आहे. आणि दुकानदाराला नंबर विचारला. ४७७०. सोल्डरबाब, पैज जिंकलात, सुंगटां (कोळंबी) माझ्याकडून.

एक विचारतो, जागा किती लागेल? ५१२ वाला म्हणतो ‘आयुष्यभर पुरेल’.

---

पेडण्याची_एडिटर

एमटीएस म्हणजे तुमचा हँडीकॅम जास्तीत जास्त २४ मेगाबिटनं लिहीत असणार, म्हणजे सेकंदाला ३ एमबी, तासाला पावणेअकरा जीबीच्या आसपास. पाच तासांचं नाटक ५४ जीबी. दोन मोबाइल धरा, एका रात्रीचे दीडशे. दुकानदाराचं आयुष्य तीन जत्रांचं आहे! कॅसेटींना फार लागत नाही, २४ बिट ४८ किलोहर्ट्‌झला ६० मिनिटांची एक कॅसेट जेमतेम १ जीबी. १ टीबीच्या एसएसडीवर चालू काम, झालेलं मोठ्या हार्ड डिस्कवर, आणि कॅसेटींची आणखी एक प्रत घराबाहेर, भावाकडे. त्या परत ध्वनिमुद्रित व्हायच्या नाहीत.

---

मास्तर_कुळागरवाले

महिना झाला, काय झालं ते सांगायला आलो.

वायरमन आला. मीटरबोर्ड उघडला तर अर्थची हिरवी तार दुमडून, वर टेप गुंडाळून आत खुपसलेली. कोणी केलं, कधी केलं, देव जाणे. मागच्या अंगणात, तुळशीच्या पलीकडे बाबांच्या वेळचा अर्थिंगचा पाइप होता, तो उकरला तर हातात तुकडे आले. नवा घातला, कोळसा, मीठ, सगळं. बल्ब पेटला. मग मी चपला काढून, भीत भीत, जुन्या डब्याला बोट लावलं. काही नाही. बायकोला बोलावून लावायला सांगितलं, तिनं चमच्यानं लावून बघितलं.

सामान मडगावहून घेतलं, रंगीत पंखेवाल्याकडूनच, पंखे सोडून. तो आधी १२४००एफ देत होता. ‘एफ नको’ म्हटल्यावर त्यानं चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. आय५-१२४००, बी७६० चा बोर्ड, ८-८ रॅम, १ टीबी एसएसडी, ५५० चा एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट, ११०० व्हीएचा यूपीएस. ६१ हजार आणि थोडे. मोठी हार्ड डिस्क पुढच्या पगाराला. सगळी खोकी कदंबच्या बसमधून मांडीवर घेऊन आणली, कंडक्टरनं कॅबिनेटचं तिकीट काढलं नाही.

जोडायला मुलगी बसली, मी टॉर्च धरला. प्रोसेसर बसवला, पंखा बसवला, बोर्ड आठ स्क्रूंनी आवळला, तारा लावल्या. आणि मग टेबलावर एक चकचकीत पत्रा उरला. बोर्डाच्या मागच्या जोडण्यांभोवती लावायचा तो चौकोन. तो आधी लावायचा असतो! सगळं उतरवून परत. मुलगी म्हणाली, ‘बाबा, हे कोणालाही सांगू नका.’

पहिल्यांदा चालू केला तर पडदा काळा. जीव गेला. रॅमच्या पट्ट्या पहिल्या दोन खाचांत घातल्या होत्या, पुस्तिकेत दुसरी आणि चौथी लिहिलंय. बदलल्या, चालू.

काल पहिली कॅसेट लावली, ती ‘पदं बरी झाली’ वाली. भोवरा गेलाय, पूर्ण गेलाय. मात्र दुसरी कॅसेट घेतली तर आवाज येतोय आणि जातोय, कंबळ पांघरून गायल्यासारखा. उघडून बघितलं तर टेपच्या मागे जो फोमचा इवलासा तुकडा असतो तो सुटून खोक्यात पडलाय, बोटानं दाबला तर भुकटी झाली. आता?

---

सोल्डर_आणि_सुंगटां

तो प्रेशर पॅड. टेपला हेडवर दाबून धरतो. चाळीस वर्षांच्या कॅसेटींत बऱ्याच जणींचा तो गळालेला असणार. गोंदानं चिकटवू नका, टेपला लागला तर बाबांची पदं गेली.

कोरी किंवा नको असलेली, स्क्रूवाली एक कॅसेट शोधा. तिचे पाच स्क्रू काढा, आतली रिळं बाजूला ठेवा आणि बाबांची रिळं तिच्यात बसवा. टेपची वाट बघून घ्या, दोन्ही कोपऱ्यांतल्या चाकांवरून आणि पॅडच्या पुढून. तुमची कॅसेट चिकटवलेली, बिनस्क्रूची असेल तर शिवणीत पातळ सुरी घालून हळू फोडावी लागेल. रिळांच्या खाली-वर असलेले पातळ कागद हरवू नका, ते टेप गुळगुळीत फिरवतात. हे काम टेबलावर पांढरा टॉवेल पसरून करा, स्क्रू उडाला तर दिसतो. पंखा बंद.

आणि आवाज तरीही कंबळ पांघरल्यासारखाच राहिला, तर हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, तो केसभर फिरवून झांजेचा आवाज स्वच्छ येतो का बघायचा. बाबांचा टेपरेकॉर्डर अजून आहे का घरात? असेल तर सांगा, त्यावरच वाजवू. त्याचं हेड आणि या कॅसेटी एकमेकांना ओळखतात.

---

मास्तर_कुळागरवाले

आहे. माळ्यावर, कापडात बांधून. बेल्ट गेलाय.

---

सोल्डर_आणि_सुंगटां

रविवारी मी फोंड्याला येतोय. बेल्ट आणतो. सुंगटां तयार ठेवा.